उजव्या वर्तुळातला निळा धूर

नाताळच्या सुट्टीत कोइंबतूरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे बस-मैदान रिकामे पडले होते. नारिंगी शंकू मांडून तिथे एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे आखली होती, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या त्या वाटेवरून विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली एक बुटकी, उघड्या चाकांची शर्यतीची मोटार फिरत होती. आधी उजव्या वर्तुळाच्या दोन फेऱ्या, मग डाव्या वर्तुळाच्या दोन. दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या फेरीची वेळ मोजायची. स्पर्धेतही हीच चाचणी याच क्रमाने होते.

उजवी दुसरी फेरी सहा सेकंदांत पूर्ण झाली तेव्हा कडेला उभ्या असलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनाची जबाबदारी जिच्याकडे होती ती मुलगी मात्र घड्याळाकडे पाहत नव्हती. मोटारीच्या मागून निघालेली निळसर धुराची लड तिच्या नजरेला पडली होती. मोटार डाव्या वर्तुळात शिरली आणि धूर थांबला. चालक पुन्हा उजवीकडे वळला. धूर पुन्हा आला. तिने वहीत तारीख घातली आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘फक्त उजवीकडे.’

धुराच्या रंगावरून इंजिनाच्या पोटातले बरेच काही कळते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. दाट पांढरी वाफ रेंगाळत राहिली तर इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्वलनकक्षात शिरल्याची शंका घ्यावी. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळते आहे. शर्यतीच्या मार्गावर असा धूर दिसला तर पंच झेंडा दाखवून मोटार बाजूला घ्यायला लावू शकतात, कारण जिथे तेल जळते तिथे ते सांडतही असेल आणि मागून येणाऱ्याचे चाक त्यावरून घसरेल. शिवाय ज्वलनकक्षात गेलेले तेल पेट्रोलची ठोके न मारता जळण्याची क्षमता कमी करते. म्हणजे पिस्टनलाही धोका.

सर्वांचा पहिला संशय पिस्टनच्या रिंगांवर गेला. त्या झिजल्या की तेल वर चढते, ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट. परंतु झिजलेल्या रिंगांना उजवे-डावे कळत नाही. त्या सरळ रस्त्यावरही धूर काढतात, आणि वेग कमी करून पुन्हा पेडल दाबताना तर हमखास काढतात. इथे तसे काही नव्हते. तरीही सिलिंडरमधला दाब मोजून पाहिला गेला; तो योग्य भरला. रिंगा निर्दोष होत्या. तेल दुसऱ्याच वाटेने जात होते, आणि ती वाट फक्त उजव्या वळणावर उघडत होती.

त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर बसून तिने वर्तुळाचे गणित मांडले. मोटारीच्या वाटेची त्रिज्या सुमारे ९ मीटर, फेरीची वेळ ६ सेकंद. वर्तुळाकार गतीतले अभिकेंद्री त्वरण म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले वेळेचा वर्ग. ४ गुणिले ९ म्हणजे ३६, आणि ६ चा वर्गही ३६. दोन्ही एकमेकांना छेद देऊन गेले आणि कागदावर उरला निव्वळ पायचा वर्ग : ९.८७ मीटर प्रति सेकंद वर्ग. पृथ्वीचे गुरुत्वत्वरण ९.८. संघाच्या मोटारीने योगायोगाने असा वेग गाठला होता की तिच्या आतल्या प्रत्येक वस्तूला खाली ओढणाऱ्या गुरुत्वाइतकाच जोर बाहेरच्या बाजूला जाणवत होता.

याचा अर्थ तेलाच्या दृष्टीने फार सरळ आहे. भांड्यातला द्रव आपला पृष्ठभाग नेहमी त्याला जाणवणाऱ्या एकूण ओढीशी काटकोनात धरतो. टेबलावरच्या पेल्यात ही ओढ सरळ खाली असते, म्हणून पाणी सपाट दिसते. खाली आणि बाजूला सारखाच जोर असेल तर एकूण ओढ ४५ अंशांनी तिरकी होते, आणि तिच्यासोबत पृष्ठभागही. उजव्या वर्तुळात फिरणाऱ्या त्या मोटारीत इंजिनाच्या तळाशी असलेले तेल डाव्या भिंतीवर ४५ अंशांचा उतार करून चढून बसत होते, आणि असे बारा सेकंद राहत होते. रस्त्यावरचे नेहमीचे वळण क्षणभरात संपते. तेल हलते न हलते तोच चाके सरळ होतात. वर्तुळ तेवढी उसंत देत नाही.

इथे एक प्रश्न तिला अडवून बसला. हे इंजिन मूळचे मोटारसायकलचे. चारशे सी.सी.च्या आतले, एक सिलिंडरचे, घाटरस्त्यांवर जोमाने पळणारे. मोटारसायकलही तेवढ्याच जोराने वळते. तिथे हे इंजिन धूर का काढत नाही?

उत्तर मोटारसायकलच्या झुकण्यात आहे. वळताना चालक आणि वाहन आतल्या बाजूला कलतात, आणि समतोल साधायचा तर साधारण तितकेच कलावे लागते जितकी एकूण ओढ तिरकी झालेली असते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला इंजिन ४५ अंशांनी कललेले दिसते; इंजिनाच्या आतल्या तेलाला मात्र काहीच बदललेले जाणवत नाही. त्याच्यासाठी ‘खाली’ म्हणजे अजूनही तेलपात्राचा तळच. तेल थोडे जड झाल्यासारखे होते, एवढेच. ज्यांनी ते इंजिन आखले त्यांनी वळणावर तेल एका बाजूला पळण्याची फारशी चिंता केली नव्हती, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. चूक झाली होती ते इंजिन चार चाकांच्या, न झुकणाऱ्या सांगाड्यात बसवताना. इंजिन नवीन घरात आले होते. त्याच्या सवयी जुन्या घरातल्या होत्या.

रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीतही थोड्या फरकाने हेच घडते. कारखान्याने तेलपात्र आखलेले असते ते रस्त्यावरच्या टायरांची पकड गृहीत धरून. मालक शर्यतीचे चिकट टायर चढवतो, निलंबन कडक करतो, आणि लांबलचक वळणावर मोटार पूर्वीपेक्षा कितीतरी जोराने वळू लागते. पकड वाढते, वेळ सुधारते, आणि एके दिवशी आरशात निळा धूर दिसतो. टायर बदलताना इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाचा विचार कोणाच्या मनात आलेला नसतो.

तेलाची पळवाट शोधायला तिला फार वेळ लागला नाही. कोणत्याही इंजिनात ज्वलनातला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली निसटतोच. तो खालच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, साठून दाब वाढू नये म्हणून एक श्वासनळी असते. ती बाहेर हवेत न सोडता इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेला जोडतात, म्हणजे तो वायू पुन्हा जळून जातो. या इंजिनाच्या श्वासनळीचे तोंड डाव्या भिंतीत होते, तळापासून सुमारे १० सेंटिमीटर उंचीवर. उजव्या वळणावर तेल चढत होते तेही डाव्या भिंतीवरच.

तिने आकडे सोपे करून घेतले. तेलपात्र १६ सेंटिमीटर रुंद, तेलाची खोली ४ सेंटिमीटर. म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ६४ चौरस सेंटिमीटर. ४५ अंशांना हेच तेल डाव्या कोपऱ्यात काटकोन त्रिकोण करून बसेल, आणि त्या त्रिकोणाच्या दोन्ही भुजा सुमारे ११.३ सेंटिमीटर होतील. श्वासनळीचे तोंड १० सेंटिमीटरवर, तेल ११.३ वर. नळी वायूऐवजी तेल ओढत होती.

त्यात भर म्हणून संघाने आणखी एक गोष्ट केली होती. ‘असू द्यावे थोडे जास्त’ म्हणून खुणेच्या वर तेल भरले होते. खोली ४ ऐवजी ५ सेंटिमीटर धरली तर त्रिकोणाची भुजा १२.६ सेंटिमीटर होते. सुरक्षिततेसाठी ओतलेले तेल धुराला आणखी जवळ नेत होते. शिवाय पातळी वाढली की फिरत्या क्रँकचे वजनी भाग तेलाला फटके मारतात, त्यात हवा घुसळतात, आणि फेसाळ तेल पंपाच्या कामाचे राहत नाही.

नियमांप्रमाणे श्वासनळीतून येणारे तेल अडवायला मोटारीवर एक डबा बसवायचाच होता. किमान ९०० मिलिलिटरचा. ते काम ‘नंतर’च्या यादीत पडले होते. आता ते तातडीने झाले. ॲल्युमिनियमचा डबा, आत भांडी घासायच्या स्टीलच्या जाळीचा बोळा. वायू जाळीतून वळणे घेत जातो, तेलाचे थेंब तारांना चिकटून तळाशी गळतात. दुसऱ्या दिवशी मोटार पुन्हा वर्तुळात उतरली. उजवीकडे दोन फेऱ्या, डावीकडे दोन. धूर नाही. पुन्हा एकदा. धूर नाही.

कप्तानाने तिच्या खांद्यावर थाप मारली. “सुटला ना प्रश्न? उगीच रात्रभर जागलीस.”

मैदानावर त्या दुपारी चहा झाला, छायाचित्रे निघाली. ती मात्र संध्याकाळी डबा सोडवायला बसली. तळाची तोटी उघडली आणि तेल मोजपात्रात पडू लागले. दहा-बारा मिनिटांच्या चालवण्यात चहाचा लहान पेला भरेल इतके तेल डब्यात आले होते. ती त्या पात्राकडे बराच वेळ पाहत राहिली. इंजिनात एकूण तेलच दीड-पावणेदोन लिटर. धूर थांबला होता; तेलाचे पळणे थांबले नव्हते. पूर्वी पळालेले तेल जळून स्वतःची बातमी देत होते. आता ते डब्यात मुकाट्याने बसत होते.

मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर तिला चहाची चव लागेना. उजव्या वळणावर तेल डावीकडे जाते. पण ज्या तोंडातून पंप तेल उचलतो ते तोंड तेलपात्राच्या उजव्या भागात आहे. तिच्याच त्रिकोणाप्रमाणे १६ सेंटिमीटर रुंदीपैकी ११.३ सेंटिमीटरवर तेल राहते. उजवीकडचा ४.७ सेंटिमीटरचा तळ कोरडा पडतो. पंप त्या वेळी काय उचलत असेल?

मोटारीवर तेलाचा दाब नोंदवणारा संवेदक होता. दाब घसरला की चालकासमोर लाल दिवा लागण्याची सोयही होती. नोव्हेंबरात हा दिवा इंजिन तापल्यावर, मोटार नुसती उभी असतानाही लुकलुकत असे आणि चालकाचे लक्ष विचलित करत असे. म्हणून कोणीतरी त्याची मर्यादा अर्ध्या बारवर आणून ठेवली होती. ते कोणीतरी म्हणजे ती स्वतःच होती. वहीत नोंद तिच्याच अक्षरात होती : ‘दिवा शांत केला.’

तिने नोंदी उघडल्या. आलेखावर उजव्या वर्तुळाची प्रत्येक फेरी ओळखू येत होती. वर्तुळात शिरताना दाब तीन बारच्या आसपास. दोन-तीन सेकंदांत रेषा खाली कोसळून पाऊण बारवर. डाव्या वर्तुळात गेल्यावर पुन्हा वर. पाऊण बार अर्ध्या बारपेक्षा जास्त, म्हणून दिवा लागला नव्हता. वेगाने फिरणाऱ्या इंजिनासाठी पाऊण बार म्हणजे जवळजवळ उपासमारच.

इंजिनातले फिरते भाग एकमेकांवर थेट घासत नाहीत. त्यांच्यामध्ये तेलाचा काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा असतो, आणि साऱ्या जोराचा भार तोच वाहतो. पंप हवा उचलू लागला की हा पापुद्रा विरळ होतो, धातूला धातू भिडतो. जोडदांड्याच्या बेअरिंगला खराब व्हायला वर्षे लागत नाहीत, काही मिनिटे पुरतात. वर्तुळाची चाचणी अर्ध्या मिनिटाची. पण त्याच स्पर्धेत २२ किलोमीटरची सहनशक्तीची शर्यतही असते, आणि सर्वाधिक गुण तिलाच. संघाकडे इंजिन एकच होते.

रात्री कप्तान आणि ती कार्यशाळेच्या पायऱ्यांवर बसली होती.

“इंजिन उघडावे लागेल,” ती म्हणाली. “तेलपात्राच्या आत फेरफार करायचा आहे. आठ-दहा दिवस.”

“आठ-दहा दिवस? चालकांचा सराव कधी होणार? धूर तर थांबलाय.”

“धूर थांबलाय म्हणूनच भीती वाटते. आता काही बिघडले तर कळणारच नाही.”

तो गप्प राहिला. तिने मांडीवरची वही त्याच्यापुढे उघडून ‘दिवा शांत केला’ ही ओळ दाखवली. “हे मी केलंय. तेव्हा मला वाटलं, दिवाच चुकतोय. तू संघाला सांग, नाहीतर मी सांगते.”

“तुझं तू सांग,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, “मी बाजूला उभा राहतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आलेख सगळ्यांसमोर ठेवला. कोणी रागावले नाही. कोणी फारसे बोललेही नाही. चालकांपैकी एकाने एवढेच विचारले, “म्हणजे मी जितका चांगला चालवत होतो, तितकं इंजिन कोरडं पडत होतं?” ते अगदी खरे होते. फेरी साडेपाच सेकंदांत झाली असती तर तिरपेपणा ४५ वरून ५० अंशांवर गेला असता.

उपायांची यादी मोठी नव्हती. सर्वांत पक्का उपाय म्हणजे तेल इंजिनाखाली ठेवूच नये. एका पंपाने तळाचे तेल सतत उपसून वेगळ्या उंच, अरुंद टाकीत न्यावे आणि दुसऱ्या पंपाने त्या टाकीच्या तळातून इंजिनाला द्यावे. तेलपात्र कोरडे ठेवण्याची ही पद्धत शर्यतीच्या मोटारींत सर्रास आढळते. परंतु त्यासाठी जादा पंप, टाकी, नळ्या आणि वजन लागते, आणि वेळ तर लागतोच. ती गोष्ट पुढच्या वर्षीच्या यादीत गेली.

दुसरा उपाय कार्यशाळेतल्या वयस्कर वेल्डरने सुचवला. मुले त्यांना अण्णा म्हणत. त्यांनी आलेख पाहिला नाही, तिचे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, “पाण्याचा टँकर कधी आतून पाहिलायस का?”

टँकरच्या आत आडव्या भिंती असतात, भोके पाडलेल्या. त्या नसत्या तर ब्रेक लावताच सगळे पाणी पुढे धावून गाडीलाच ढकलत राहिले असते. रॉकेटांमधल्या द्रव इंधनाच्या टाक्यांतही इंधनाचे हिंदकळणे आवरायला अशाच पट्ट्या बसवतात. द्रवाला थांबवता येत नाही. त्याला धावायला जागा किती द्यायची एवढे आपल्या हातात असते.

तिने पुन्हा कागद घेतला. १६ सेंटिमीटरच्या तेलपात्राचे उभ्या पत्र्यांनी तीन सारखे कप्पे केले तर प्रत्येकाची रुंदी सुमारे ५.३ सेंटिमीटर. ४५ अंशांच्या उतारावर प्रत्येक कप्प्यात तेल एका कडेला २.७ सेंटिमीटर वर चढेल आणि दुसऱ्या कडेला तितकेच उतरेल. म्हणजे ४ सेंटिमीटर खोलीवर सर्वोच्च पातळी ६.७ आणि सर्वांत खालची १.३. तेलाची उंची ११.३ वरून ६.७ वर आली. श्वासनळीचे तोंड १० सेंटिमीटरवर सुरक्षित राहिले. आणि तळ कुठेही कोरडा पडला नाही. एक थेंबही न वाढवता, फक्त भिंती घालून.

पण कप्पे पूर्ण बंद असून चालणार नाही; तेलाला पंपाच्या तोंडापर्यंत पोहोचता आले पाहिजे. म्हणून मधल्या कप्प्याच्या दोन्ही भिंतींत तळाशी लहान खिडक्या आणि त्यांना बिजागरीच्या झडपा. झडप आतल्या बाजूलाच उघडते : तेल मधल्या कप्प्यात येऊ शकते, बाहेर जाऊ पाहिले की स्वतःच्याच दाबाने ती मिटते. पंपाचे तोंड उजवीकडून सरकवून या मधल्या कप्प्यात आणले. भिंतींवर एक आडवा पत्रा, भोके पाडलेला, म्हणजे क्रँकवरून उडणारे तेल खाली गळेल पण खालचे तेल उसळून क्रँकपर्यंत जाणार नाही. श्वासनळीचे तोंड आणखी वर, मध्याच्या जवळ. आणि तेल बरोबर खुणेपर्यंत.

पत्रा कापण्याआधी तिने त्याच मापाचा पारदर्शक ॲक्रिलिकचा डबा केला आणि त्यात रंगीत पाणी घालून तो फळीवर ४५ अंशांनी कलवला. कलवलेल्या डब्यात आणि वळणाऱ्या मोटारीत पृष्ठभागाचा कोन सारखाच असतो. फरक इतकाच की मोटारीत एकूण ओढ सुमारे १.४ पट असते. झडपा पाण्यात सुरेख चालल्या. मग तिने पाणी काढून गार तेल भरले, आणि झडपा आळसावल्या. तेल दाट, बिजागरी घट्ट. गरम तेलाने त्या पुन्हा मोकळ्या झाल्या. बिजागरीच्या काड्या बारीक करून घ्याव्या लागल्या, आणि चालकांसाठी एक नियम ठरला : तेल पुरेसे तापल्याशिवाय वर्तुळात शिरायचे नाही.

अण्णांनी तीन दिवस संध्याकाळी थांबून वेल्डिंग केले. शेवटच्या दिवशी त्यांनी तेलपात्र उलटे करून हलवले. झडपांचा टकटक आवाज झाला. “सुटी झाली तर ही काडी पंपात जाईल,” असे म्हणून त्यांनी प्रत्येक काडीचे टोक वाकवून पुन्हा टाका मारला. कागदावरच्या कोणत्याही गणितात ही गोष्ट नव्हती.

पोंगलच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडले होते तेव्हा मोटार पुन्हा मैदानात उतरली. या वेळी तिने श्वासनळी डब्याऐवजी एका स्वच्छ काचेच्या बाटलीला जोडली होती. धूर अडवणारा डबा मध्ये असेपर्यंत दोष गेला की फक्त दिसेनासा झाला, हे कळणार नव्हते. लाल दिव्याची मर्यादाही बदलली होती. आता ती एकच आकडा नव्हती. इंजिनाच्या फेऱ्या जितक्या जास्त, तितका दाबही जास्त अपेक्षिला होता. मोटार उभी असताना दिवा लुकलुकणार नव्हता, आणि वेगात असताना पाऊण बारला गप्प राहणार नव्हता.

उजवीकडे दोन, डावीकडे दोन. अशा पाच खेपा. बाटलीच्या तळाशी धुकट थरापलीकडे काही जमले नाही. आलेखावर उजव्या वर्तुळातली दरी बुजली होती. रेषा तिथे किंचित खाली वाकत होती, बस्स. जोरात ब्रेक लावल्यावर मात्र क्षणभर एक लहान खाच दिसत होती. भिंती डावी-उजवी धाव अडवण्यासाठी घातल्या होत्या. पुढे-मागे होणारी धाव तशीच राहिली होती. ती खाच तिने लाल शाईने गोल करून ठेवली आणि खाली लिहिले : ‘उरलेला दोष.’

जानेवारीच्या अखेरीस संघ फॉर्म्युला भारतसाठी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पोहोचला. २.१ किलोमीटरचा हा मार्ग २००३ साली सुरू झाला. सुंदरम् करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे. मारुती ८०० चे साधे इंजिन घेऊन त्यांनी कमी खर्चाची एकआसनी शर्यतीची मोटार घडवली होती आणि त्या मोटारीने अनेकांना शर्यतीची दारे उघडून दिली. १९९५ साली एका हलक्या विमानाच्या अपघातात ते गेले. एका वाहनाचे इंजिन दुसऱ्या वाहनात बसवून शिकण्याची ही परंपरा त्या मार्गाच्या नावातच आहे, हे तिला तिथे उभी असताना जाणवले.

तपासणीत मोटार एका फळीवर चढवून ६० अंशांपर्यंत कलवतात. ६० अंशांचे टॅन मूल्य १.७३, म्हणजे गुरुत्वाच्या पावणेदोनपट जोराने वळल्यासारखेच. मोटार उलटता कामा नये आणि कोणताही द्रव गळता कामा नये. फळी हळूहळू वर जात होती आणि ती खाली वाकून इंजिनाच्या डाव्या बाजूकडे पाहत होती. तपासनीसाने खाली पांढरा कागद धरला होता. तो कोरडा राहिला.

वर्तुळाच्या चाचणीत संघ मधल्या फळीत राहिला. सराव कमी पडल्याचे दिसत होते आणि कप्तानाने ते बोलूनही दाखवले. सहनशक्तीच्या शर्यतीत मात्र मोटार मध्यंतराला चालक बदलण्यासाठी आत आली, तापलेले इंजिन बंद झाले, आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा एका झटक्यात सुरू झाले. लाल दिवा एकदा लागला होता, असे पहिल्या चालकाने हेल्मेट काढता काढता सांगितले.

“कुठे?” तिने विचारले.

“सरळ रस्त्याच्या शेवटी. जोरात ब्रेक लावला तेव्हा. लगेच विझला.”

तिने मान हलवली. तो दिवा कुठे लागणार, हे तिला आधीच माहीत होते.

मोटारीने २२ किलोमीटर पूर्ण केले. संध्याकाळी इतर जण निकालाच्या फलकापाशी गर्दी करून उभे होते तेव्हा ती मोटारीशेजारी जमिनीवर बसून तेलाच्या डब्याची तोटी उघडत होती. मोजपात्रात तेल आले. दोन चमचे असेल. तिने पात्र उजेडासमोर धरून आकडा वाचला, वही उघडली, तारीख घातली, आणि तो लिहून ठेवला.